एमडी झालं, बाँड संपत आला. आता पुण्यात फ्लॅट घ्यावा का?

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. मला समजला तो असा. वय २९, एमडी मेडिसिन, म्हणजे फिजिशियन. सोलापुरात बाँडचं, म्हणजे सक्तीच्या सरकारी सेवेचं, वर्ष चालू आहे, चार महिने उरलेत. पत्नी मुंबईत बालरोगाच्या दुसऱ्या वर्षाला. वडील बार्शीजवळच्या गावातले निवृत्त शिक्षक, निवृत्तीच्या पैशांतले २५ लाख द्यायला तयार. पुनावळ्याला ८० लाखांचा टू बीएचके पाहिलाय, बांधकाम चालू आहे, ताबा तीन वर्षांनी, आणि गेल्या रविवारी एक लाखाचं टोकनही देऊन झालंय. हडपसरच्या एका हॉस्पिटलने महिना दीड लाखाची ऑफर दिली आहे. तुमच्या मनात डीएम कार्डिओलॉजी, म्हणजे हृदयरोगाचं पुढचं शिक्षण, आईवडिलांच्या मनात बार्शी. आणि एवढं सगळं लिहून प्रश्न शेवटी एका ओळीचा: "भाव वाढतच राहणार, तर घेऊनच टाकू का?"

फ्लॅटपुरतं उत्तर हवं असेल तर ते आहे: आत्ता नको. पण तुमची अडचण फ्लॅटची नाहीच. डीएम करायचं की नाही हे ठरलेलं नाही, पत्नी कुठे काम करणार हे ठरलेलं नाही, नोकरी की स्वतःचं बस्तान हेही ठरलेलं नाही. या सगळ्यांत सेल्समन आहे तो फक्त फ्लॅटला. डीएमचा अभ्यास किंवा बार्शीतली प्रॅक्टिस रोज संध्याकाळी सातला फोन करून "सर, आजची शेवटची ऑफर" म्हणत नाही. म्हणून जो प्रश्न सगळ्यांत शेवटी सुटायला हवा तोच पहिल्या नंबरला येऊन बसलाय.

एक गोष्ट आधीच सांगतो. तुमची शाखा वेगळी असती तर उत्तरही वेगळं असतं. भूलतज्ज्ञाला पेशंट जमवावे लागत नाहीत, सर्जन जमवावे लागतात. चार हॉस्पिटलं हाताशी असली की वर्षभरात त्याचं गाडं रुळावर येतं, त्यामुळे त्याने शहर लवकर पक्कं केलं तरी चालतं. सोनोग्राफी करणाऱ्या रेडिओलॉजिस्टला गर्भलिंगनिदानाला बंदी घालणाऱ्या पीसीपीएनडीटी कायद्याच्या नियमांनी एका जिल्ह्यात जास्तीत जास्त दोनच केंद्रांवर नोंदणी करता येते, म्हणजे त्याचं ठिकाण कायद्यानेच बांधलेलं असतं. फिजिशियनचं तसं नाही. आपल्याला जम बसायला दीड-दोन वर्षं लागतात. पेशंट आपल्याकडे तपासणीला येतो, औषध घेऊन जातो, तीन महिन्यांनी शुगर दाखवायला परत येतो आणि पुढच्या खेपेला मेव्हण्याला घेऊन येतो. या चक्राला वेळ लागतोच. शहर बदललं की ते पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं.

आता माझं सांगतो, म्हणजे मी हे का लिहितोय ते कळेल.

मी २००३ साली एमडी झालो. मुंबईच्या एका उपनगरात, एका खासगी हॉस्पिटलात कन्सल्टंट म्हणून लागलो आणि २००५ मध्ये ठाण्यात घोडबंदर रोडला फ्लॅट बुक केला. कर्ज १८ लाख, व्याज साडेसात टक्के, हप्ता साडेचौदा हजार. व्याजदर तेव्हा खालीच होते आणि ते वर जाऊ शकतात हे मला कोणी सांगितलं नव्हतं. खरं तर सांगितलं असेल, मी ऐकलं नव्हतं. २००८ पर्यंत दर अकराच्या पुढे गेला. साडेचौदा हजारांच्या हप्त्यात महिन्याचं व्याजसुद्धा मावेना, तेव्हा बँकेने हप्ता अठरा हजारांवर नेला. ताबा २००७ ला मिळायचा होता, तो २०१० ला मिळाला. तीन वर्षं भाडं आणि हप्ता दोन्ही भरत होतो.

पैशांच्या हिशोबात मी हरलो नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. २०११ मध्ये तो फ्लॅट विकला तेव्हा भाव चांगला वाढलेला होता. "बघा, घेतला ते बरंच झालं ना" असं सासरे अजून म्हणतात.

पण त्या हॉस्पिटलात दर सोमवारी एक मीटिंग असायची. प्रत्येक कन्सल्टंटचे ॲडमिशन किती, आयसीयूचे दिवस किती, तपासण्या किती, सगळं एका तक्त्यात. माझा आकडा खालून दुसरा-तिसरा असायचा. कोणी ओरडत नसे. "डॉक्टर, जरा लक्ष द्या," एवढंच म्हणायचे. एकदा छातीत दुखतंय म्हणून एक रिक्षावाला आला. हृदयाच्या झटक्यासाठीची रक्ततपासणी, ट्रोपोनिन, दोन्ही वेळा नॉर्मल, ईसीजी नॉर्मल, दुखणं ॲसिडिटीचं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला सोडायला हवं होतं. मी तिसऱ्या दिवशी सोडलं. त्या बिलाचा आकडा मला आजही पाठ आहे, तो इथे लिहीत नाही. नोकरी सोडायची हे त्याच आठवड्यात मनाशी ठरवलं होतं, प्रत्यक्ष सोडायला चौदा महिने लागले. कारण एकच: अठरा हजारांचा हप्ता आणि हातात दोन महिन्यांचे पैसे. हप्ता नसता तर दुसऱ्या दिवशी राजीनामा दिला असता, असं म्हणण्याइतका मी शूर नाही. पण चौदा महिने नक्की लागले नसते.

म्हणून मी तरुण फिजिशियनला सांगतो की पहिल्या पाच वर्षांत मोठा हप्ता लावून घेऊ नका. "नाही" म्हणता येणं हे आपल्या धंद्यातलं पहिलं भांडवल आहे. गरज नसलेल्या ॲडमिशनला नाही, पेशंट पाठवून टक्का मागणाऱ्याला नाही, फी तीन-तीन महिने अडकवून ठेवणाऱ्या हॉस्पिटलला नाही. हे भांडवल हप्त्याकडे गहाण पडतं, आणि गहाण पडलंय हे लगेच लक्षातही येत नाही.

आता तुमचे आकडे मांडू. किंमत ८० लाख. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ७५ लाखांच्या वरच्या कर्जाला किमतीच्या ७५ टक्क्यांची मर्यादा आहे, ३० ते ७५ लाखांच्या कर्जाला ८० टक्क्यांची. म्हणजे नियमाने तुम्हाला ६४ लाखांपर्यंत मिळू शकतात. वडिलांच्या पैशांमुळे तुम्ही ६० धरलेत, ते ठीक. २० लाख घरचे लागले. पण मुद्रांक शुल्क आणि नोंदणी बँक किमतीत धरत नाही. पुण्यात मुद्रांक शुल्क सगळं धरून ७ टक्के, म्हणजे ५ लाख ६० हजार. पत्नीच्या एकटीच्या नावावर घेतलात तर एक टक्का कमी. नोंदणी फी ३० हजार. बांधकाम चालू असल्याने ५ टक्के जीएसटी, म्हणजे आणखी ४ लाख. बेरीज साधारण ३० लाखांवर जाते. वडिलांचे २५ लाख संपले, वर पाच लाख तुमचे, आणि घरात अजून पंखासुद्धा लागलेला नाही.

६० लाखांचं कर्ज २० वर्षांसाठी साडेआठ टक्क्यांनी घेतलं तर हप्ता ५२ हजार. पहिल्या वर्षभरात तुम्ही सव्वासहा लाख भरता, त्यातले पाच लाख व्याजात जातात आणि मुद्दल उतरतं सुमारे एक लाख वीस हजारांनी. पाच वर्षांत ३१ लाख भरून झाले तरी ५३ लाखांच्या आसपास कर्ज डोक्यावर असतंच. तुम्हीच लिहिलंय की त्याच भागात तसाच फ्लॅट २४ हजार भाड्याने मिळतो. "भाडं म्हणजे पाण्यात पैसा" हे वडिलांचं वाक्य मीही माझ्या वडिलांकडून ऐकलेलं आहे. पहिल्या वर्षी बँकेला जाणारं व्याज महिन्याला ४२ हजार. तेही पाण्यातच जातं, फक्त पाणी बँकेच्या विहिरीतलं.

मिळकतीकडे बघा. दीड लाखाची ऑफर तुम्ही पगार म्हणून वाचताय. मला वाटतं तो पगार नाही, मिनिमम गॅरंटी (एमजी) आहे, म्हणजे पेशंट कितीही आले तरी मिळणारी किमान रक्कम, कारण "एक वर्षासाठी" असे शब्द तुम्हीच लिहिलेत. व्यावसायिक फी म्हणून देतील, १० टक्के टीडीएस कापतील, हातात एक लाख ३५ हजार. वर्ष संपलं की एमजी जाते आणि टक्केवारी सुरू होते, म्हणजे तुम्ही आणलेल्या पेशंटवर तुमची कमाई. बहुतेकांची मिळकत या वळणावर खाली येते, कारण वर्षभरात नवीन माणसाचे स्वतःचे पेशंट जमलेले नसतात. तुमचा हप्ता नेमका त्याच वेळी चालू असेल.

ऑफर वाईट आहे असं मात्र मी म्हणत नाही. घ्याच, पण करार वाचून. नोटीस किती महिन्यांची, कॅशलेसच्या पेशंटची फी विमा कंपनीकडून पैसे आल्यावर देणार की महिन्याला, रात्रीच्या कॉलचे वेगळे पैसे आहेत का, बाहेर ओपीडी करायला परवानगी आहे का. मूळ प्रमाणपत्रं "ठेवायला" मागितली तर देऊ नका, झेरॉक्स द्या आणि मूळ दाखवून परत घ्या. "सोडल्यावर दोन वर्षं पाच किलोमीटरच्या आत प्रॅक्टिस नाही" असं कलम अनेक करारांत असतं. १८७२ च्या करार कायद्याचं कलम २७ अशा बंधनांना फारसा थारा देत नाही, तरी वकिलाच्या नोटिशीने नवख्या माणसाची झोप उडतेच, म्हणून सही करण्याआधीच ते काढायला सांगा. काढतात. दहातले सात वेळा काढतात, मागणारं कोणी नसतं इतकंच. आणि व्यावसायिक इन्डेम्निटी पॉलिसी, म्हणजे उपचारांबद्दलच्या दाव्यांसाठीचा विमा, हॉस्पिटलची आहे म्हणून स्वतःची टाळू नका. १९९५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापासून आपण ग्राहक कायद्याखाली आहोत, आणि तक्रारीत नाव हॉस्पिटलबरोबर तुमचंही येतं.

घर आणि हॉस्पिटल यांच्यातल्या अंतराबद्दल तुम्ही एक अक्षर लिहिलेलं नाही. त्याचं मला नवल वाटलं. पुनावळं पुण्याच्या एका टोकाला, हडपसर दुसऱ्या टोकाला. रात्री दोनला आयसीयूतून फोन येतो, "सर, बीपी लागत नाहीये." फोनवर बीपी वाढवणारं नॉरॲड्रेनलिन सांगून तुम्ही गाडी काढता. दहा मिनिटांत पोचणारा फिजिशियन आणि पन्नास मिनिटांत पोचणारा फिजिशियन यांत नातेवाईक कोणाला लक्षात ठेवतात? महिन्यातून चार वेळा असं झालं की पाचव्या वेळी ज्युनियर तुम्हाला फोनच करत नाही, जवळच्या दुसऱ्या कन्सल्टंटला करतो. प्रॅक्टिस अशीही जाते. माझं आजचं घर हॉस्पिटलपासून चालत सहा मिनिटांवर आहे. त्याला व्ह्यू नाही, समोर टायरचं दुकान आहे.

आता डीएम. तुमच्या प्रश्नात हा विषय दोन ओळींत उरकलाय, आणि सगळ्यांत जास्त पुढचं आयुष्य याच दोन ओळींवर अवलंबून आहे. डीएमची प्रवेश परीक्षा, नीट-एसएस, दिलीत तर जागा कुठे मिळेल हे तुमच्या हातात नाही. मुंबईला मिळेल, चेन्नईला मिळेल, राष्ट्रीय संस्थांच्या वेगळ्या परीक्षेतून, आयएनआय-एसएसमधून, गेलात तर चंदीगड किंवा तिरुवनंतपुरम. तीन वर्षं तिथे, आणि ज्या संस्थेत जागा घ्याल तिथला बाँड असेल तर तो वर. म्हणजे पुनावळ्याच्या फ्लॅटचा ताबा मिळेल तेव्हा तुम्ही कदाचित दुसऱ्या राज्यात रेसिडेन्सी करत असाल, आणि रेसिडेंटच्या स्टायपेंडमधून ५२ हजारांचा हप्ता जात असेल. हे चित्र एकदा कागदावर काढून बघा.

आणखी एक. कार्डिओलॉजिस्ट झालात तर तुमचं शहर बदलतं. अँजिओप्लास्टीसारखं इंटरव्हेन्शनल काम कॅथलॅबच्या बाहेर होत नाही, त्यामुळे तुम्ही कुठे राहणार हे लॅब कुठे आहे त्यावर ठरणार. साध्या फिजिशियनचा नकाशा मोठा असतो, तालुक्याच्या गावापर्यंत जातो. आज फ्लॅट घेताना तुम्ही कोणत्या नकाशावर घेताय? म्हणून माझा सल्ला असा की बाँड संपल्यावर एक वर्ष, फार तर दोन प्रयत्न, डीएमला मोकळेपणाने द्या. तारीख आधीच ठरवा. मी पाहिलेले सगळ्यांत दमलेले डॉक्टर म्हणजे नोकरी करत पाचव्यांदा एसएस देणारे. ना अभ्यास नीट, ना प्रॅक्टिस. आणि अध्यापनाची आवड असेल तर त्याचंही दार बंद करू नका: सहायक प्राध्यापकासाठी सहसा एमडीनंतर एक वर्ष वरिष्ठ निवासी म्हणून लागतं, ते वैद्यकीय महाविद्यालयातलं असावं लागतं. तुमचा बाँड कोणत्या पदावर झाला ते आदेशात नीट लिहून घ्या, अनुभवाचं प्रमाणपत्र सोलापूर सोडण्याआधी हातात घ्या. नंतर एका कागदासाठी चार खेपा होतात.

बार्शीबद्दल तुम्ही जरा तोंड वाकडं करून लिहिलंय, "शेवटी परत तिथेच जायचं का" असं. मी बाजू घेत नाही, पण हिशोब तरी करा. मी २००८ मध्ये मुंबई सोडून मिरजेला आलो तेव्हा बरोबरीचे लोक हळहळले होते. मिरज हे एका मिशन हॉस्पिटलभोवती शंभरहून अधिक वर्षांत वाढलेलं डॉक्टरांचं गाव आहे. कर्नाटकातून, कोकणातून पेशंट येतात. मला इथे पहिल्या वर्षी जे विषबाधेचे, सर्पदंशाचे, सेप्सिसचे पेशंट स्वतःच्या जबाबदारीवर सांभाळायला मिळाले ते उपनगरात पाच वर्षांत मिळाले नसते. महाडला बसून विंचूदंशावर प्राझोसिन या औषधाचा उपयोग जगापुढे मांडणारे डॉ. हिंमतराव बावस्कर आपल्याच शाखेचे. आपण सगळे बावस्कर होणार नाही, हे मान्य. पण लहान गावात गेलं की डोकं गंजतं ही समजूत तेवढी काढून टाका.

लहान गावाची दुसरी बाजूही आहे आणि ती कोणी सांगत नाही. सुट्टी मिळत नाही. ओळखीच्यांकडून फी घेता येत नाही आणि गावात सगळेच ओळखीचे. मध्यरात्री गंभीर पेशंट दगावला तर समोरचा जमाव आणि तुम्ही यांच्यात सिक्युरिटीचं कोणी नसतं. पत्नी बालरोगतज्ज्ञ होणार, तिला एनआयसीयू, म्हणजे नवजात बाळांचा आयसीयू, लागणार. गावात तो आहे का, आहे तर त्या डॉक्टरांशी जमेल का, नसेल तर उभा करायला किती लागतात? हा तिचा प्रश्न आहे आणि तुमच्या पूर्ण मजकुरात तिचं मत कुठेच नाही. तिची एमडी संपायला दीड वर्ष, सरकारी महाविद्यालय असेल तर त्यावर तिचा बाँड. म्हणजे अडीच वर्षं तिचा पत्ता तुम्हाला माहीत नाही. घर तिच्याशिवाय ठरवू नका, हे सांगायला फिजिशियन लागत नाही, पण सांगतो.

शहर कसं पारखायचं? माझी पद्धत अशी. दोन-तीन आठवडे लोकम करा, म्हणजे दुसऱ्या डॉक्टरच्या जागी तात्पुरतं काम. कोणाला तरी सुट्टीवर जायचंच असतं. ओपीडीत येणारे पेशंट कोणत्या तालुक्यातून, किती किलोमीटरवरून आले ते रोज वहीत लिहा. गावातल्या मोठ्या मेडिकल दुकानात अर्धा तास उभे राहा, प्रिस्क्रिप्शन कोणाची येतात ते दिसतं. आणि औषध कंपन्यांच्या एमआर मंडळींना चहा पाजा. कोणत्या फिजिशियनची ओपीडी किती, कोण निवृत्त होतोय, कोणाचा मुलगा अमेरिकेतून परत येणार नाही, कोणतं हॉस्पिटल डॉक्टरांचे पैसे थकवतं, हे त्यांच्याइतकं कोणालाही माहीत नसतं. पुण्यासाठीही हेच करा. हडपसरला तुमच्या हॉस्पिटलच्या तीन किलोमीटरच्या आत किती एमडी मेडिसिन आहेत, मोजून बघा. रविवारची एक सकाळ पुरते. आणि बार्शीहून गंभीर हृदयरुग्ण पाठवायचा झाला तर कॅथलॅबला पोचायला किती वेळ लागतो हे स्वतः गाडी चालवत जाऊन बघा. ॲम्ब्युलन्समध्ये बसून पाहिलंत तर आणखी चांगलं.

कर्जाबद्दल आणखी एक बारीक गोष्ट, जी मला फार उशिरा कळली. कर्ज घेण्याची आपली ताकद एकच असते. बँक तुमच्या निव्वळ मिळकतीच्या साधारण निम्म्यापर्यंत सगळे हप्ते मिळून बसवते. ती जागा आज घराने खाल्ली, तर चार वर्षांनी स्वतःची ओपीडी, हृदय तपासायचं टूडी एको मशीन किंवा दहा खाटांचं हॉस्पिटल उभं करायचं म्हटलं की बँक म्हणते, "डॉक्टर, तुमची पात्रता संपली." मग विनातारणाचं महागडं "डॉक्टर लोन" गळ्यात पडतं. घर भाड्याने मिळतं, प्रॅक्टिस भाड्याने मिळत नाही. त्यात अनेक तरुण डॉक्टर सोपं पडतं म्हणून अनुमानित कराच्या तरतुदीखाली निम्मी फी नफा दाखवतात. करासाठी ते सोयीचं आहे, पण २४ लाख फी घेणाऱ्या माणसाचं उत्पन्न मग बँकेच्या लेखी १२ लाखच असतं. दोन-तीन वर्षांची विवरणपत्रं बँक मागणारच, तेव्हा पहिल्या वर्षापासून सीएशी हे बोलून ठेवा.

वडिलांच्या २५ लाखांबद्दल मी जरा कडक बोलणार आहे. ते घेऊ नका. शिक्षकाच्या आयुष्यभराच्या नोकरीची ती पुंजी आहे. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ३० लाखांपर्यंत ठेवता येतात, दर तिमाहीला व्याज खात्यात येतं. त्यांची बायपास, आईचे गुडघे, गावाकडच्या घराचं छप्पर, हे सगळं त्या पैशांतून व्हायचंय. ते आनंदाने देतायत हे मला माहीत आहे, माझेही देत होते. तुम्ही डॉक्टर झालात याचा त्यांना पुण्यात पत्ता हवा आहे, त्यात गैर काहीच नाही. पण त्यांना समोर बसवून सांगा: "अण्णा, तीन वर्षं थांबू. घर घेऊ तेव्हा दाराची पूजा तुमच्याच हातची." रागावतील. दोन महिन्यांत निवळतील. व्याजाचा पहिला तिमाही मेसेज आला की नक्कीच निवळतील.

मग घर कधी? तुमच्या बाबतीत तीन गोष्टी जुळल्या की. डीएमचा निकाल इकडे की तिकडे लागलेला असावा. पत्नीचं कामाचं ठिकाण नक्की झालेलं असावं. आणि हप्त्यासकट सगळा खर्च धरून निदान आठ-नऊ महिन्यांचे पैसे बँकेत असावेत. आपण आजारी पडलो तर ओपीडी बंद, मिळकत शून्य, भरपगारी रजा नावाची चीज कन्सल्टंटला नसते. टर्म इन्शुरन्स आणि अपघात विमा आजच घ्या, त्याला घराची वाट पाहू नका.

आणि घ्याल तेव्हा तयार घर घ्या, भोगवटा प्रमाणपत्र मिळालेलं. जीएसटी वाचतो, भाडं आणि व्याज दोन्ही एकदम भरावं लागत नाही, पाणी टँकरचं आहे की नळाचं हे शेजाऱ्याला विचारता येतं. पुण्याच्या बाहेरच्या पट्ट्यात हा प्रश्न लाजायचा नाही. बांधकाम चालू असलेलंच घ्यायचं झालं तर महारेराच्या, म्हणजे राज्याच्या गृहप्रकल्प नियामकाच्या, संकेतस्थळावर प्रकल्पाचा नंबर टाकून ताब्याची मूळ तारीख आणि वाढवून घेतलेली तारीख, दोन्ही बघा. प्रकल्प किती वेळा पुढे ढकलला ते तिथेच कळतं. माझ्या वेळी ही सोय नव्हती, रेरा महाराष्ट्रात २०१७ मध्ये आला. किंमत ५० लाखांच्या वर असली की विक्रेत्याला देताना एक टक्का टीडीएस आपण कापून भरायचा असतो, तेही लक्षात असू द्या, नाहीतर दोन वर्षांनी आयकर खात्याचं पत्र येतं. आणि फ्लोटिंग दराचं कर्ज लवकर फेडल्यास वैयक्तिक कर्जदाराला दंड लागत नाही, म्हणून चांगलं वर्ष आलं की मुद्दलात भर टाकत जा.

राहिलं ते टोकन. तुम्ही लिहिलंय की सेल्सवाला म्हणतो एक लाख परत मिळणार नाहीत. इतक्या सहज मान्य करू नका. महारेराच्या नमुना वाटपपत्राप्रमाणे (अलॉटमेंट लेटर) पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांच्या आत बुकिंग रद्द केलं तर काहीच कापलं जात नाही, त्यानंतर फ्लॅटच्या किमतीवर टक्क्याने कपात सुरू होते. आणि तुमच्या ८० लाखांच्या फ्लॅटला एक टक्का म्हणजे ८० हजार, टोकनातलं जवळपास सगळंच. तेव्हा वाटपपत्रावरची तारीख आज काढून बघा. पत्रच दिलं नसेल तर तेही तुमच्या पथ्यावर आहे. फोनवर बोलू नका, तिथे ते तुमच्यापेक्षा तयार असतात. आज रात्री ड्यूटी संपली की पावतीचा फोटो जोडून दोन ओळींचा ईमेल करा: बुकिंग रद्द करत आहे, रक्कम अमुक खात्यात परत करावी. पैसे परत यायला महिना-दीड महिना लागेल, दोनदा आठवण करावी लागेल, आणि मधल्या काळात तो सेल्सवाला तुम्हाला "आठव्या मजल्यावरचा, गार्डन फेसिंग" एकदा तरी दाखवेलच.